एक नंबर मोठी चप्पल

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, गुडघे न वाकवता घातलेला साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घातलाय, समजून घे.) भावोजींचा खोकला कमी असेल आणि तू त्यांच्यावर नेहमीसारखी ओरडत असशील, म्हणजे घर ठीक चाललंय असं मी धरून चालतो.

तुझं पत्र पोचलं. मी केलेली चप्पल हल्ली तुला घट्ट होते, पुढची एक नंबर मोठी कर, असं लिहिलंस. त्याचं उत्तर देण्याआधी माझी हकीकत ऐक, आणि मध्येच उठून गॅस बंद करायला जाऊ नकोस.

तुझ्याच सांगण्यावरून मी तुझी ती दुखण्यावरची गोळी सुरू केली होती. खोटं कशाला बोलू, गुणाची निघाली. गुडघ्याची सूज उतरली, ठणका गेला, आणि मी दुकानाचा जिना धावत चढायला लागलो. (शेजारच्या शिंप्याला वाटलं, माझ्यामागे कुणीतरी लागलंय.) रिकाम्या पोटी घ्यायची नाही म्हणून प्रत्येक गोळीबरोबर बिस्किटं खाल्ली, तरी पोटात जळजळायचं, म्हणून आणखी बिस्किटं. रिकामी पट्टी दाखवली की औषधवाला नवी देतो, विचारतो कोण! अशी चार दिवसांची पाहुणी घरचीच होऊन बसली.

मग माझे बूट मला होईनात. मी स्वतः शिवलेले, ताई! मी चामडेवाल्याशी भांडलो, की तुझं चामडं आटतं. तो बिचारा शपथा घेत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मग संशय पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर, मग मापाच्या फितीवर. आपलंच माप चुकतंय असं वाटून मी गिऱ्हाइकांचेही बूट सैल करायला लागलो. मुख्याध्यापकांचा बूट शाळेच्या जिन्यावरून त्यांच्याआधी खाली पोचला. जन्मात पहिल्यांदा माझं काम परत आलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. (बिस्किटं सोडून.)

शेवटी हिने माझा मोजा काढला, नडगीवर बोट दाबलं, तर कणकेत पडावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. "बूट बरोबर आहेत," ही म्हणाली, "पाय सुजलेत." आणि दंडाला धरून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्तदाब मोजला, परत मोजला, आणि मला भरपूर झापलं. ही गोळी थोड्या दिवसांपुरती चांगली. रोज खात राहिलं तर अंगात पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे सूज उतरवायची गोळी, आणि तिने गुडघ्याची सूज पावलांत आणून ठेवली! आता गोळी बंद, मलम आणि व्यायाम चालू. दुखतं. उठताना मी असा विव्हळतो की शिंपी मशीन थांबवतो. पण बूट होतात.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : मोठी चप्पल मी करणार नाही. तुझ्या पायाचा फर्मा माझ्याकडे आहे, आणि तुझ्या मापात मी कधी चुकलेलो नाही. तू तर रक्तदाबाचीही गोळी घेतेस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशांनी विचारल्याशिवाय या गोळीला हातही लावू नये. तेव्हा ती आजच बंद कर आणि सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा. (रक्तदाबाची मात्र बंद करू नकोस, तुझा काही नेम नाही.)

आणखी एक : वर सगळं हसत लिहिलंय, पण हसू येत नाहीये. तुझं पत्र वाचल्यापासून हातात हातोडी धरवत नाही. रविवारी येतोय. गोळी सोडलीस की दुखेल, मला माहीत आहे. दोघं मिळून विव्हळू. मला लहानपणासारखं 'ठोक्या' म्हणणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, ताई.