भुईमुगाच्या रानाकडं

नवलाख उंबरे,
१२ मार्च २०२५

रुमाईसा मॅडम यांना,

नंदाचा नमस्कार. तुमचा पाय आता कसा हाय? तुमचे वडील अब्दुलभाई सांगत होते की प्लास्टर निघालं पण अजून काठी लागते, आणि तुमी फोन हातात घेत न्हाई. मीबी घेत न्हाई. म्हणून तर तुमचं पत्र खिशात घालून ते लोणावळ्याहून हितवर आले. चपला काढून दारात उभे राहिले, आत या म्हणलं तरी येईनात. आमच्या ह्यांची आणि त्यांची ओळख काय आजची न्हाई, पाण्याच्या मोटारीचं सगळं सामान आमच्याकडं तुमच्याच दुकानातनं यायचं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अब्दुलभाई, लेकीचा बाप उन्हात उभा ठेवायची रीत न्हाई आमच्यात. बसा." मग बसले. पाणी प्याले. पत्र माझ्या हातात दिलं.

हितलं सगळं ठीक हाय. हरभरा झोडून झाला. गाय व्याली, कालवड झाली. समीक्षा परत तळेगावला कॉलेजला जाते. सासूबाई बळंच दोन घास खातात. पॉवर टिलर पंचनाम्यानंतर परत मिळाला, तो गोठ्यात उभा हाय. चुलतदीर कोंडाजी म्हणतात, विकून टाकू, बघवत न्हाई. मी म्हणलं, राहू द्या. मला बघवतो. मला आता सगळंच बघवतं.

माझं काय लिहू? मला रडू येत न्हाई. ह्यांच्या दहाव्याला बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आता रडेल, मग रडेल. मी आपली कुणाला चहा मिळाला न्हाई ते बघत होते. भाजी करपली तरी वास येत न्हाई, समीक्षा येऊन गॅस बंद करते. पहिल्यांदा ओरडली माझ्यावर, आता नुसता बंद करते आणि जाते.

तुमचं पत्र आधी तिनं वाचून दाखवलं, मग मी परत वाचलं. तुमी लिहिलंय, "इंजिन बंद पडलं, माझ्या हातात काहीच नव्हतं. माफ केलं एवढी एक ओळ लिहून पाठवा, म्हणजे मला जगता येईल." एक ओळ लिहायला काय लागतं? पण मी कितीदा बसले आणि उठले. म्हणून आता एका ओळीचं लांबण लागतंय, ते वाचून घ्या.

तुमची चालवायला शिकायची विमानं आमाला नवी न्हाईत. दोन वर्षं झाली, घरघर बारीक करत खाली खाली यायचं, बांधापाशी आलं की परत जोर करून वर. पोरं हात करायची. तुमच्या पत्रातनं कळलं की तो इंजिन बंद पडलं तर कुटं उतरायचं त्याचा सराव होता, आणि आमचं हरभऱ्याचं रान तुमी त्यासाठी हेरून ठेवलं होतं. सपाट हाय, मधनं वायरी न्हाईत म्हणून. आमाला काय ठाव? आमी आपलं म्हणायचो, आलं बघा खेळायला. रानात कामाला असलेली बाई मान वर करून बघायचीसुद्धा न्हाई.

त्या गुरुवारी ह्यांना कंपनीची सुट्टी होती. सकाळी म्हणाले, "भुईमुगाचं रान आज नांगरून टाकतो. तू बायका घे आणि शेजारी हरभरा उपटायला लाग." समीक्षा अभ्यासाला बसली होती. मीच तिला म्हणलं, चल तासभर, बसून बसून पाठ धरली असेल. हे म्हणाले, "पोरीला कशाला उन्हात नेतेस?" मी म्हणलं, तुमच्या लेकीला ऊन लागलं तर वितळणार न्हाई ती. हसले आणि टिलर चालू केला. आमचं शेवटचं बोलणं ते.

मग विमान आलं. माझ्या शेजारची रुपाली खाली मान घालूनच म्हणाली, "आलं खेळायला." कुणी हललं न्हाई. मी तेवढी वर बघितलं, कारण त्याला आवाजच नव्हता. सगळा आवाज ह्यांच्या टिलरचा. पुढचा पंखा उभाच्या उभा थांबलेला मला दिसला.

चौकशीचे साहेब आले होते, त्यांनी मला विचारलं, "विमान सरळ आलं का वळलं?" तुमी त्यांना सांगितलंय की सरळ आलं, वळवता आलंच न्हाई. हे त्यांच्याच बोलण्यातनं कळलं. मी म्हणलं, साहेब, मी खाली बघत होते. बाकीच्या बायकांनीबी तेच सांगितलं, आणि त्यांचं खरं होतं. ते सोमवारी परत यायचेत.

आता मी तुला अगं-तुगंच करते, राग धरू नकोस. तू समीक्षाहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असशील. मॅडम म्हणून हे पुढचं मला लिहिता येत न्हाई.

रुमाईसा, इंजिन तुझ्या हातात नव्हतं, कबूल. पण विमान होतं. ते सरळ आमच्यावर येत होतं, आमी सगळ्या बायका वाकलेल्या आणि मधे माझी पोरगी. मग त्याचा एक पंख खाली झाला आणि ते भुईमुगाच्या रानाकडं वळलं. आपोआप वळलं न्हाई. तू वळवलंस. मी बघितलं.

तुला वाटलं असेल, हिकडं एवढ्या बायका, तिकडं एकटा माणूस. उभा माणूस हाय, बघेल, पळेल. पण ते पाठमोरे होते. टिलर चालवणाऱ्याला शेजारच्याची हाक ऐकू येत न्हाई, आणि तुझ्या विमानाला तर आवाजच नव्हता. मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं न्हाई. ह्यांनी शेवटपर्यंत मागं वळून बघितलं न्हाई, त्यांना कसलीच भीती वाटली नसेल. तुला ह्यातनं काही बरं वाटत असेल तर वाटून घे. मला वाटत न्हाई.

हे मी घरात बोललेले न्हाई. सासूबाईंना हा एकच मुलगा. त्यांना कळलं तर विचारतील, तिनं माझ्याच पोराकडं का वळवलं? मग मला सांगावं लागेल, आई, हिकडं तुमची नात होती. हे त्या माऊलीला कुठल्या तोंडानं सांगू? तिला नात आणि लेक दोन्ही तागडीत घालायला लावू? म्हणून गप्प बसले. तू तुझ्या भीतीनं गप्प, मी माझ्या. आणि साहेब कागदावर लिहून गेले की विमान सरळ आलं.

माफी मी देत न्हाई. जे तुझ्या हातात नव्हतं, त्याची माफी कसली? आणि जे हातात होतं, त्याची तू मागितलीच न्हाईस.

सोमवारी मी खरं सांगणार हाय. विमान वळलं, पोरीनं वळवलं, आणि समोर आमी होतो म्हणून वळवलं. सगळं सांगणार, अर्धं न्हाई. तुझं लायसन राहील का जाईल मला ठाव न्हाई. तुझा राग म्हणून सांगत न्हाई मी. पण ह्यांचा जीव कशापायी गेला हे कुटंतरी नीट लिहिलेलं असावं. नुसतं इंजिन बंद पडलं म्हणून गेले असं न्हाई. जमलं तर माझ्या आधी तूच सांग. तुझ्या तोंडून आलेलं बरं.

सासूबाईंना रविवारी सांगेन. त्या मला घरात ठेवतात का बघायचं.

एक गोष्ट मात्र साहेबांना सांगणार न्हाई आणि सासूबाईंनाबी न्हाई. ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची न्हाई, म्हणून तुला लिहिते. रोज दुपारी रानात गेले की मी तुझ्या जागी बसते. विमान माझ्या हातात असतं. खाली हिकडं समीक्षा वाकलेली, तिकडं हे पाठमोरे. वीस वर्षांचा संसार हाय गं माझा त्यांच्याशी, माझ्यावर कधी हात उगारला न्हाई की आवाज चढवला न्हाई. आणि रोज मी तिकडंच वळवते. एकदाबी दुसरीकडं वळवलेलं न्हाई.

काठी घेऊन जपून चाल.

समीक्षाची आई