लहान पुलीचा हट्ट

चिकलठाणा,
गुरुवार, दुपार

प्रिय माऊली,

फोनवर तू "ताई, ऐक ना" म्हणालास की माझं सगळं शहाणपण पातळ होतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून फोन बाजूला ठेवून पत्र लिहायला बसले आहे. काकांचा कडुबा उद्या सकाळच्या बसनं पुण्याला निघाला आहे, त्याच्या हाती देते. शनिवारी तू इकडं यायला निघशील, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडलंच पाहिजे. मध्येच फोन लावू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तुझी लहान पुली तयार आहे. आप्पासाहेबांनी स्वतःच्या लेथवर ॲल्युमिनियमची कातून दिली. त्यांच्याच शेडमध्ये आपली गाडी उभी असते, त्यामुळं येताजाता त्यांना तिचा लळा लागलाय. पुली मला देताना म्हणाले, "ताई, लई गुळगुळीत निघाली बगा. पण ती लावायची का नाय, ते मला इचारू नका. मला निस्ती पुली कळती." काम खरोखर देखणं आहे. आत्ता ती माझ्यासमोर टेबलावर आहे आणि तिच्याकडं बघितलं की मला तुझाच चेहरा दिसतो, हट्टाला पेटलेला.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ झालंय. हातात पैसे मोजके, शर्यत रविवारी, मग थोडक्या खर्चात सगळ्यात जास्त ताकद कशानं मिळेल? पुली लहान कर, सुपरचार्जर जोरात फिरेल, जास्त हवा कोंबेल, गाडी सुसाट. बाकी सगळं नंतर. परवा आईनं मला विचारलं की हे सुपरचार्जर म्हणजे काय प्रकरण आहे, ज्यापायी तुम्ही दोघं भांडता. मी सांगितलं, इंजिन म्हणजे चूल समज आणि सुपरचार्जर म्हणजे फुंकणी. इंजिनाच्याच बेल्टवर फिरते आणि चुलीत हवा मारते. पुली लहान केली की फुंकणी जोरात फुंकते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग जाळ वाढंल की गं. पातेलं सोसंल का तेवढा?" मला हसू आलं आणि नंतर दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्या कंपनीतल्या मीटिंगमध्येसुद्धा.

दसऱ्यानंतरचा सराव आठव. करमाडच्या पुढची ती खासगी धावपट्टी, ऑक्टोबरचं ऊन, खालून भाजणारं डांबर. तू गाडी सोडलीस. अर्ध्या अंतरापर्यंत ठीक होतं, मग बूस्टचा, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा चढायच्या ऐवजी खाली बसला. जळक्या रबराचा वास मला बाहेर उभं राहून आला, तुला आत आला नाही असं म्हणू नकोस. शेवटची रेषा ओलांडली तरी तू पाय उचलला नाहीस. काटा परत चढतो का ते बघत होतास, असं तूच नंतर सांगितलंस. ब्रेक दाबलास तेव्हा पेडल तळाला गेलं. थांबायच्या जागेवर मांडलेले प्लास्टिकचे सगळे कोन पाडून गाडी तारेच्या कुंपणापाशी थांबली आणि कुंपणामागं नाला आहे, माऊली. पाणी नसलेला, दगडांचा. मी धावत आले तेव्हा तू हसत बाहेर आलास, बॉनेटवर टेकून फोटो काढलास आणि म्हणालास, "ताई, सुपरचार्जरमध्ये दम नाय. पुली लहान करावी लागंल." त्या वेळी तुला एक सणसणीत शिवी द्यायची राहून गेली. ती अजून बाकी आहे.

तू पुण्याला परत गेलास आणि मी बेल्ट उतरवला. वाटलं होतं झिजला असेल. झिजलेला नव्हता. त्याच्या सगळ्या खाचांत लाल लगदा भरला होता. बोटावर घेतला, वास घेतला. खोबरेल तेल! आता आठव, खंडेनवमीला आपण शेडमध्ये पूजा केली होती. गुलमंडीतून झेंडूच्या माळा आणल्या होत्या, आप्पासाहेबांच्या लेथला, ड्रिलला, सगळ्यांच्या चाकांना आईनं हळदकुंकू लावलं आणि मग आपली गाडी काय परकी आहे का म्हणून तिचंही बॉनेट उघडायला लावलं. आपण दोघं नारळ फोडण्यात गुंतलो होतो. घरी आल्यावर मी सहज विचारावं तसं तिला विचारलं. ती म्हणाली, "कोरडं कुकू लोखंडाला टिकत नाय, म्हून तेलात कालवलं. फिरत्या चाकाला लावायचं आसतं ना? म्या बॉनेटातल्या दोन्ही चाकांला लावलं अन् त्यावरच्या पट्ट्याला बी. चांगलं झालं का?" मी चांगलं झालं म्हणाले. दुसरं काय म्हणणार! तिनं आपल्या लेकराला कुठं लागू नये म्हणून लावलं होतं आणि नेमकं त्याच तेलावरून बेल्ट घसरत होता. तिला तू यातलं काही सांगायचं नाहीस. तिला एवढंच माहीत आहे की बेल्ट जुना झाला होता.

तेव्हा सुपरचार्जरला काही झालेलं नाही. ज्याच्या जोरावर तू लहान पुलीचा हट्ट धरलास तो आजारच खोटा होता. तरी मला माहीत आहे, तू म्हणशील, मग तर आणखी चांगलं, नवा बेल्ट आणि लहान पुली, दोन्ही लावू. म्हणून मी पैशाचं काय केलं ते ऐक. नवा बेल्ट घेतला. चारही चाकांचे ब्रेक पॅड बदलले, ब्रेक ऑइल काळं पडलं होतं ते सगळं काढून नवं भरलं. पुढचे दोन टायर घेतले, तू सांगितलेल्या भारी कंपनीचे नाहीत, पण ताजे आहेत आणि मऊ आहेत. पुढचा इंटरकूलर, कोंबलेली हवा थंड करणारी ती जाळी, उतरवला तर त्यात जालना रोडची सगळी धूळ आणि कुणास ठाऊक कुठल्या वर्षीचे किडे निघाले. तो धुतला. इंजिनाशेजारची तापलेली हवा आत ओढली जात होती, म्हणून पत्र्याची नळी वाकवून हवा समोरच्या जाळीतून घेतली. ही नळी दिसायला इतकी वाईट आहे की तू बघितल्याबरोबर नाक मुरडशील. क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की पूर्वी तापमानाचा काटा लाल रेघेकडं सरकायचा, आता जागचा हलत नाही. शेवटी मागचं सीट आणि स्टेपनी काढली. त्याला तर काहीच लागलं नाही. पैसे संपले. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रिमॅप नाही, आवाज करणारं सायलेन्सर नाही. तुझ्या मित्रांना दाखवण्यासारखं एकही काम मी केलेलं नाही, हे कबूल.

काल बुधवारी धावपट्टी सरावासाठी उघडी होती. मी रजा टाकली आणि आप्पासाहेबांना सोबत घेऊन गेले. आणि ऐक, तुझी पुली लावून गेले. तुझ्यावर अन्याय केला असं मला आयुष्यभर ऐकायचं नव्हतं. सुरुवातीला काय उसळली गाडी! पाठ सीटला चिकटली. एक क्षण मला वाटलं, पोरगं बरोबर होतं. मग तिसऱ्या गिअरला आवाज यायला लागला, स्टीलच्या डब्यात खडे हलवावेत तसा. तू बसला असतास तर काच वर करून गाणं लावलं असतंस. मी पाय उचलला. आणखी थोडं दाबलं असतं तर पिस्टन गेला असता, मग इंजिन, आणि त्या वेगात इंजिन अडकलं असतं तर पुढं काय झालं असतं ते मला लिहायचं नाही. आपल्या पंपावरचं पेट्रोल ती पुली सोसत नाही. तिच्यासाठी आधी इंजिनाचं सगळं जेवण बदलावं लागेल, त्याला आपल्याकडं ना पैसा आहे ना वेळ. तिथंच झाडाखाली पुली काढली, जुनी लावली आणि पुन्हा धावले. बूस्टचा काटा चढला तो शेवटपर्यंत चढलेला राहिला. रेषा ओलांडली, ब्रेक दाबला, पेडल दगडासारखं घट्ट. गाडी पहिल्या कोनाच्या अलीकडं उभी राहिली. वेळ मोजणाऱ्या पोरीनं यंत्राकडं बघून मला हात केला. तुझ्या त्या दिवशीच्या वेळेपेक्षा कमी वेळ लागला होता. गाडी नीट झाली होती म्हणून, हे मी आधीच कबूल करते. पण सगळंच गाडीमुळं नव्हतं. आप्पासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

परत येताना मला आपली गावाकडची जीप आठवत होती. तुझे पाय पेडलला पुरत नव्हते तेव्हापासून बाबा तुला मांडीवर घेऊन ती चालवायला द्यायचे. मी तुझ्यापेक्षा मोठी, पण मला हाक यायची ती "दीपे, बॅटरी धर" अशी. बॉनेट उघडलं की बॅटरी धरायची, बाबांच्या हाताची सावली कामावर पडणार नाही अशी धरायची. त्यातूनच मला सगळं कळायला लागलं, म्हणून बाबांवर माझा राग नाही. इंजिनिअर झाले ती त्या बॅटरीमुळं, असं मी चारचौघांत सांगतेही, आणि लोकांना ते आवडतं. पण जीप चालू झाली की तुम्ही दोघं शिवारभर फिरून यायचात आणि मी बांधावर पाने-पक्कड गोळा करत बसायचे. गाडी घेतली तेव्हाही आपलं काही ठरलं नव्हतं, तरी ठरल्यासारखंच झालं, तू चालवणार आणि मी बघणार. पैसे दोघांचे, हात माझे काळे आणि फोटो तुझे. चिडू नकोस, मला तेही गोड वाटायचं. तुझ्यासारखा हसणारा भाऊ बॉनेटवर बसलेला मलाही आवडतो. परवापरवापर्यंत मला वाटत होतं की एवढंच पुरेसं आहे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. चालकाचं नाव बदलायची मुदत आज सकाळपर्यंत होती. मी जाऊन बदलून आले. रविवारी गाडी मी चालवणार आहे. गाडी दोघांची आहे, म्हणून तिथं येऊन चारचौघांत तुला हे कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं. तू पुण्याच्या मित्रांना घेऊन येणार आहेस आणि त्यांना कसं तोंड दाखवू असं तुला होईल, ते मला समजतं. पण मी मागं घेणार नाही. कुंपणाचं कारण देऊन मला सुटता आलं असतं. तू उशिरा ब्रेक मारतोस, तुझी काळजी वाटते, असं म्हटलं असतं तर आईसुद्धा माझ्या बाजूनं उभी राहिली असती. ती काळजी खरीच आहे. पण ती नसती तरी मी नाव बदललं असतं, माऊली. मला चालवायची आहे. हे मी कालपर्यंत कुणाला म्हटलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. काल रात्री घरी सांगितलं तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही, बाबांनी "बग बाई" एवढंच म्हटलं. मला भीती वाटते, खूप वाटते. म्हणून तू ये. रागावलेला आलास तरी चालेल, मित्रांना घेऊन आलास तरी चालेल, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी चालेल. फक्त रेषेच्या पलीकडं, गाडी थांबते तिथं उभा राहा. दार उघडून बाहेर आले की मला कुणीतरी आपलं दिसायला हवंय.

तुझीच ताई,
दीपमाला