टेबलावरच्या बाईची ओटी

तलवाडा, ता. गेवराई
शनिवार, दि. १८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. राजनंदिनी हीस,
थोरल्या जावेचे अ. उ. आ. रागात लिहिते हाय, तरी आशीर्वादच समज.

पत्र बघून घाबरू नको, घरात सगळी धडधाकट हायत. फोन हाय, पण तो तुझी ईश्वरी स्पीकरवर लावती, अन् तुझा नवरा, माझा नवरा, शेजारची वत्सलाबाई, सगळे कान देऊन बसत्यात. तू म्हणतीस बरी हाय, मी म्हणते बरी हाय, संपलं. म्हणून चौथीपर्यंतचं अक्षर बाहेर काढलं. तुझी लेक म्हणाली, मोठी आई, तू सांग, मी लिहिते. म्हटलं व्हय बाजूला, माझं तुझ्या आईशी काम हाय.

दिवाळीला चार दिवस आलतीस. चारी दिवस तू विळीला हात लावला न्हाईस. कांदा पुढं ठेवला तर ईश्वरीकडं सरकवलास. भोपळा दिला तर तुला धुणं वाळत घालायचं आठवलं. हाताला लिंबू चोळचोळून कातडं पांढरं केलंस, अन् वरणभात चमच्यानं खाल्लास. तू, चमच्यानं! सतरा वर्षं एका चुलीपुढं बसलोत आपण. बाकीच्यांना दिसलं नसंल, मला दिसलं.

अकरा वर्षं आशाताई म्हणून गावातल्या पोटुशा बाया जीपमधी घालून गेवराईला नेल्यास. वयाची अट उठली म्हणून कुठंतरी वाचलंस, तशी पुस्तकं मागवलीस. पहिल्या परीक्षेला आपटलीस, दुसऱ्या वर्षी निघालीस. सदतीसाव्या वर्षी डॉक्टरकीला नंबर लागला तवा गावात कोण काय बोललं ते तुला ठाऊक हाय, अन् मी कुणाकुणाचं तोंड मिटवलं तेबी. मग आता कावून चेहरा पाडून हिंडतीस? पोरी तरास देत्यात? अभ्यास डोक्यावरून जातो? जे असंल ते सरळ लिही. गोड गोड लिहिलंस तर पत्र चुलीत घालीन.

इकडं अंगदभावजी लेकीची वेणी घालायला शिकलेत. शाळेच्या बाईंनी ईश्वरीला विचारलं म्हणं, केस बांधलेत का दावं वळलंय. पोरगी हसत सांगत आली, तू काळजी करू नको.

लोभ हायच. वाढवायचा का आवरायचा ते तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी,
छबुबाई

* * *

अंबाजोगाई
शुक्रवार, दि. २४ नोव्हेंबर २०२३

ती. जाऊबाई यांना
राजनंदिनीचा शि. सा. न.

तुम्ही विळीपर्यंत पोचलात म्हणजे आता लपवण्यात अर्थ नाही.

मुली त्रास देत नाहीत. अठरा-एकोणीस वर्षांच्या आहेत, मला मावशी म्हणतात आणि डोकं दुखलं की माझ्याकडूनच तेल लावून घेतात. अभ्यासही जमतो. अडलंय ते दुसरीकडेच.

आमच्याकडे एक मोठा हॉल आहे. तिथे माणसाचं शरीर आतून शिकवतात. मरणानंतर ज्यांनी आपला देह कॉलेजला दिला, त्यांच्यावर. एकेका टेबलाभोवती आम्ही दहा-दहा जण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी फुलं वाहिली, शपथ घेतली. आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई आहेत. जाऊबाई, त्यांच्या टाचांना भेगा आहेत. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे, तुळस आणि तिच्याखाली पाच ठिपके. हुबेहूब आपल्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा हात. पहिल्या दिवशी मी तो पाहिला आणि मला वाटलं, आत्ता या म्हणतील, नंदे, जरा पाय चेपून दे.

बाकीच्या मुलींनी तिसऱ्या दिवशी चाकू धरला. एक जण रडली, एक जण उगाचच हसली, पण धरला. मी दोन महिने झाले, मागे उभी राहते. पुढे हो म्हटलं की पुस्तक उघडते. गावात मी किती बायका-माणसांना शेवटची आंघोळ घातली, तोंडात पाणी घातलं, डोळे मिटवले. भीती मला मेल्या माणसाची नाही. आपल्याच घरातल्या बाईला कापायचं, हे हाताला कळत नाहीये. घरी आले तर विळीवरही तोच हात दिसतो, आणि हॉलमधल्या औषधाचा वास बोटांवरून लिंबानेही जात नाही.

पुढच्या महिन्यात याच हाताची तोंडी परीक्षा आहे. मी चाकू धरला नाही तर त्यात काय सांगणार? मी विचार केलाय. येत्या शनिवारी नव्हे, पुढच्या, दोन तारखेच्या गाडीने मी सगळं सामान घेऊन परत येते. आशाताई होते, त्यात काय वाईट होतं? यांना आणि ईश्वरीला मीच समोर बसून सांगेन. तोपर्यंत कुणाला बोलू नका, एवढी विनंती.

तुम्ही माझ्यासाठी गावाशी भांडलात. तो लोभ हे वाचूनही शिल्लक राहिला तर माझं नशीब.

आपली,
राजनंदिनी

* * *

तलवाडा
मंगळवार, दि. २८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. राजनंदिनी हीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा रागानं अन् एकदा नीट.

यायचं न्हाई. आलीस तर फाटकाला आतून कडी घालीन, मग बस वत्सलाबाईच्या ओट्यावर.

आता ऐक. तू त्या बाईचं एवढं लिहिलंस, भेगा लिहिल्यास, तुळस लिहिलीस. पण ती कोण, कुठली, आपल्या मनानं आली का कुणी आणून टाकली, हे एका शब्दानं लिहिलं न्हाईस. विचारलंसच न्हाई का? दोन महिने एक बाई तुझ्यापुढं निजलीय अन् तू तिची चौकशी करीना. आपल्या दारात परकी बाई आली तर आपण आधी पाणी देतो, मग गाव विचारतो. तू मोठी शिकायला गेलीस अन् एवढंबी इसरलीस!

मी काल दिवसभर त्याच बाईचा इचार केला. बाई घर सोडून निघाली म्हंजे तिची ओटी भरत्यात. सासरी निघाली तरी भरत्यात, सवाष्ण सरणावर निघाली तरी भरत्यात. ही तुमच्याकडं आली तवा हिची कुणी भरली असंल का? मला न्हाई वाटत. कागदावर सह्या झाल्या असतील, गाडीत घातलं असंल, झालं. रिकाम्या ओटीची बाई तुझ्यापुढं हाय, मग तुझा हात उचलंल कसा?

म्हणून हे गाठोडं धाडते. गावातला राधाकिशन त्याच्या आईला तुमच्या दवाखान्यात दाखवायला परवा तिकडं येतोय, त्याच्याच हाती देते. खण हाय, नारळ, तांदूळ, लेकुरवाळं हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. खण माझ्या पेटीतला हाय, हिरवा. ती बाई विधवा हाय का सवाष्ण, कुणाला माहीत. वत्सलाबाईला आडून विचारलं तर म्हणती, विधवेची भरत न्हाईत. म्हटलं, तुमच्यात न्हाई भरत, आमच्यात भरत्यात. खोटंच बोलले. तूबी विचार करीत बसू नको. तिच्याजवळ जा, नाव घेता आलं तर घे, न्हाईतर बाई म्हण, अन् भर. मग तिला इचार, हात लावू का. पुढचं तुझं तुला कळंल.

आत्याबाई गेल्या तवा आपण दोघींनी न्हाऊ घातलं. त्यांच्या पायात मोडलेला काटा तू सुईनं काढलास, आठवतंय का? मी म्हटलं, आता कावून, जळायलाच निघाल्यात. तू म्हणालीस, रुतत असंल. तवा तुझा हात अडला न्हाई. हात तोच हाय.

लोभ गाठोड्यात बांधलाय. उत्तर पोष्टानं धाड, सामान तिथंच ठेव.

छबुबाई

* * *

अंबाजोगाई
शुक्रवार, दि. ८ डिसेंबर २०२३

ती. जाऊबाई यांना शि. सा. न. वि. वि.

शनिवारी मी आले नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. उशिरा लिहितेय, कारण जे झालं ते लिहिण्याआधी मला स्वतःला नीट समजून घ्यायचं होतं.

राधाकिशनने गुरुवारी गाठोडं दिलं. मी ते घेऊन शुक्रवारी सकाळी हॉलच्या दारात उभी. हॉलमध्ये नारळ-तांदूळ न्यायचे नाहीत एवढं मला कळत होतं, पण तुमचं पत्रही हातात होतं. तेवढ्यात शिकवणाऱ्या मॅडम आल्या. कडक आहेत, पाच मिनिटं उशीर झाला तर दार लावून घेतात. त्यांनी विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं. वाटलं, आता सगळ्यांदेखत ऐकावं लागणार. त्यांनी तुमचं पत्र मागितलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. विधवेच्या ओळीला हसल्या.

मग म्हणाल्या, नाव सांगता येत नाही, तसा नियम आहे. पण एवढं सांगते, या बाई आपल्या मनाने आल्या. देहदानाचा अर्ज द्यायला सुनेला घेऊन एसटीने आल्या होत्या आणि नेमकी त्या दिवशी सुट्टी निघाली. दोघी तशाच परत गेल्या. आठवड्याने पुन्हा आल्या. अंगठा उठवला, आणि इथल्या पोरी आम्हाला हात लावायला भितील का, असं विचारून गेल्या.

जाऊबाई, मी गाठोड्याची गाठ तिथेच सोडली.

मी म्हटलं, मॅडम, निदान बाहेरून तरी त्यांच्या नावाने ओटी ठेवू द्या. तर त्या म्हणाल्या, तुमच्या जाऊबाईंचं एकच चुकलं. या बाई पाहुण्या नाहीत. तुमच्या आधीपासून त्या इथे आहेत. घर त्यांचं, पाहुण्या तुम्ही. मग त्यांनी मला ॲप्रनचा सोगा धरायला लावला, आणि त्या बाईंच्या वतीने, तिथेच व्हरांड्यात, माझी ओटी भरली. तुमचा हिरवा खण, तुमचे तांदूळ. वर्गातल्या मुली भोवती जमल्या. एकीला काय करायचं ते माहीत नव्हतं, तिने नुसतेच हात जोडले.

ओटी कपाटात ठेवली, आत गेले आणि चाकू मागितला.

गोंदणाची कातडी मीच उलटली. अगदी सावकाश, तुळस फाटणार नाही अशी. इथे त्यांचा एक कणही टाकत नाहीत. सगळं त्यांच्याच वेगळ्या डब्यात राहतं आणि शेवटी एकत्र अग्नी देतात. कातडीखाली चरबी, त्याखाली मांस, आणि मनगटाकडे जाताना पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या, मोत्यासारख्या. इतक्या नीट लावलेल्या की घडी घालून ठेवल्यात असं वाटावं. मॅडम म्हणाल्या, कोपराच्या बाजूने यातली एक ओढा. मी ओढली, आणि तिकडे त्यांचं मधलं बोट जरासं वाकलं.

सगळं टेबल पुढे वाकलं. हसणारी मुलगीसुद्धा. सत्तर वर्षं त्या दोरीने भाकरी थापली असेल, खुरपं धरलं असेल, आणि कुणालाही माहीत नव्हतं ती आत आहे. त्यांना स्वतःलासुद्धा. मला दाखवायला त्या दोनदा एसटीने आल्या.

परीक्षा वीस तारखेला आहे. तुमचा लोभ मी ॲप्रनच्या सोग्यात धरून आहे, तो सांडू देणार नाही.

आपली,
राजनंदिनी

* * *

तलवाडा
गुरुवार, दि. १४ डिसेंबर २०२३

राजनंदिनीबाईस छबुबाईचा नमस्कार.

आशीर्वाद लिहायला बसले होते, हात वळला न्हाई. मी थोरली असले तरी आज नमस्कारच घे, वाद घालू नको.

तुझं पत्र आलं तवा म्हैस पिळायची वेळ झालती. पत्र वाचून तशीच खाली बसले. दूध काढताना नजर आपल्याच हातावर. बोट मिटलं की कोपराखाली कायतरी सरकतं, उघडलं की परत येतं. एवढी वर्षं धारा काढल्या, कधी बघितलंच न्हाई. बघता बघता धार भलतीकडं गेली अन् म्हशीनं चरवीला लाथ मारली. मालक वरडत आले. त्यांना म्हटलं, वरडू नका, बाही वर करा अन् मूठ वळा. त्यांनी वळली. बघत राहिले. मग अंगदभावजी आले, मग ईश्वरी. सगळे अंगणात हात पुढं करून बोटं हालवत उभे. वत्सलाबाईनं भिंतीवरून बघितलं अन् विचारलं, काय बाधा झाली का काय घराला. तिलाबी हात काढायला लावला. तिच्या हाताला तर दोऱ्या लई ठळक हायत, वाळकी हाय ना. बोटं हालवत म्हणाली, हे कुणी गं बसवलं असंल एवढं. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई माझ्याशी शाण्यासारखी बोलली.

ओटीचं माझं चुकलं, मॅडमचं बरोबर हाय. त्यांना माझा नमस्कार सांग. अन् त्या बाईला सांग, तलवाड्यात पाच माणसं आपापला हात बघत बसलीत तुमच्यामुळं. तिला ऐकू जात न्हाई हे मला कळतं. तरी सांग. सुट्टी निघाली म्हणून ती बाई परत गेली, तवाच सोडून देता आलं असतं. कुणी काय म्हटलं नसतं. पुन्हा आली. अंगठा उठवणारी बाई, नंदे. तिनं अन् तू मिळून मला असं काय दाखवलंय की दोन दिवस मी कुणावर वरडले न्हाई. घरचे घाबरलेत.

आता एक सांगते ते फाडून टाक. दोन तारखेला मी बाजाराला जाते म्हणून गेवराईला गेलते. बाजार केला न्हाई, सकाळपासून स्टँडवर बसले. मनाला सांगितलं, उतरली तर दंड धरून उलट्या गाडीत बसवायची. सात गाड्या बघितल्या. खरं सांगू का, तिसऱ्या गाडीपासून मी देवाला म्हणत होते, उतरू दे. सगळ्या घराचा स्वयंपाक, दोन म्हशी, तुझी पोरगी, माझे गुडघे. फाटकाला कडी घालीन म्हणून लिहिलं ते सगळं तोंडाचं होतं. तुझी पिशवी मीच डोक्यावर घेतली असती.

सातव्या गाडीतूनबी तू उतरली न्हाईस. मी उठले, नळावर तोंड धुतलं अन् घरी आले. ईश्वरीनं विचारलं, मोठी आई, बाजार कुठं हाय? म्हटलं, आज बाजार भरलाच न्हाई.

तर तुझी परीक्षा व्हऊ दे. पुढची चार-पाच वर्षं सुट्टी असंल तवाच ये, अन् येताना परतीचं तिकीट काढून ये. मधीच मन फिरून आलीस तर मी परत धाडणार न्हाई, ठेवून घेईन. माझा भरवसा धरू नको.

लोभ असू दे. तिथूनच असू दे.

तुझी,
छबुबाई