एकट्याने उभं राहायला परवानगी लागत नाही

३ मार्च
केस हरलो. आमचं सूपाचं दुकान जाणार. घरमालक प्यो याला तिथे लेकीसाठी कॉफी शॉप काढायचंय. त्याचा वकील नामगुंग कालपरवापर्यंत याच कोर्टात जज होता. तो उठला की जजसाहेब सावरून बसायचे. मी तोंड उघडलं की घड्याळ बघायचे. तीन मिनिटांत निकाल. हा काय न्याय झाला? अपील करणार. वकील नको. आपली बाजू खरी आहे.

१० मार्च
निश्चय: रोज सकाळी कोर्टाच्या गेटवर एकट्याने निदर्शन. गळ्यात पाटी: ‘जजसाहेब, जुन्या साहेबांची भीड सोडा, माझं दुकान वाचवा.’ एकट्याने उभं राहायला परवानगी लागत नाही. दोघं झाले की जमाव.
बायको ओक-बुन डबा घेऊन शेजारी उभी राहिली, तर पोलीस धावत आला. तिला रस्त्यापलीकडे पाठवलं. ती तिथूनच म्हणाली, अहो, सूप गार होतंय, न्याय नंतर खा.

११ मार्च, दुपार
गेटच्या दुसऱ्या टोकाला पाटी घेऊन तक आजोबा उभे असतात. त्यांची जमीन गेली, तेव्हापासून. म्हणाले, पोरा, जागा सोडू नकोस, हललास की दुसरा टपलेलाच आहे. अनुभवी माणूस.

१८ मार्च
प्रगती. रोज सकाळी एक काळी गाडी आत जाते. आज काच थोडी खाली झाली. आतल्या माणसाने पाटी वाचली, मान हलवली. अपिलाचे जजसाहेबच. मी कमरेत वाकून नमस्कार केला.
ओक-बुनने विचारलं, तोंड बघितलंत का? वसंतातल्या पिवळ्या धुळीच्या वादळांचे दिवस, मास्क होता, वर काळा चष्मा. पण माणूस नजरेवरून कळतो.

२ एप्रिल
अपिलाची तारीख. खूप विचार केला. आत तीन मिनिटं, बाहेर अख्खी सकाळ. पाटी आत नेऊ देत नाहीत. मग आत जाऊन काय उपयोग? गेलो नाही. माझी गैरहजेरी हाच माझा युक्तिवाद.
ओक-बुन रडली. म्हणाली, आत तुमचं नाव पुकारलं असेल हो. म्हटलं, पुकारू दे, मी काय पळून गेलोय? गेटवरच तर आहे.

७ मे
दुसरी तारीख. आज आत जायचं कबूल केलं होतं. इस्त्रीचा शर्टही घातला. तेवढ्यात गाडी आली. काच पूर्ण खाली, मास्क-चष्मा तसाच. साहेबांनी मूठ वर केली, हिंमत ठेवा म्हणतात तशी. आता आत जाणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. थांबलो.
 

१५ मे
गाडी आली. काच वरच. कामात असतील.

२ जून
काच वरच. जेवण जात नाही. ओक-बुन कोर्टात चौकशी करून या म्हणते. घाई बरी नव्हे. साहेब निकाल लिहीत असणार.

११ जून
ओक-बुन स्वतःच गेली. खिडकीतली बाई म्हणाली, तुम्ही दोनदा आला नाहीत, नंतर महिनाभरात नवी तारीख मागितली नाहीत, म्हणजे अपील तुम्हीच मागे घेतलंत. दोन्ही वेळा नामगुंग उठला, मला काही बोलायचं नाही म्हणाला आणि निघून गेला; तो बोलला असता तर सुनावणी झाली असती, निकाल तरी लागला असता. मुद्दाम.
म्हटलं, जजसाहेबांना भेटतो, ते मला ओळखतात. तक आजोबा म्हणाले, अरे वेड्या, जज मागच्या दाराने येतात. ती गाडी नामगुंगची.
मी त्याला रोज वाकून नमस्कार करत होतो.

२० जून
दुकान रिकामं करायची नोटीस. हंडे, वाडगे, सगळं अंगणात.  मी काय करू, मलाच कळत नाही.
संध्याकाळी तिने पाटी उलटी केली. मागे लिहिलं, ‘सूपाची भांडी विकणे आहे.’ दोरी तीच. उद्या बाजारात उभं राहायचं. मी म्हटलं, एकटाच जातो.
ती म्हणाली, मीही येते, तिथे दोघं चालतात.