मोरूची गार

मी, हिरामण बाळू ठोंबरे, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी दगडखाणीत सुरुंग लावणे, सध्या खोकणे, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढेच शिल्लक आहे, पण मी उजव्याने लिहितो, तेव्हा अक्षरावरून कोणी शंका काढू नये. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरने तसा दाखला दिला आहे. छातीत दगडाची भुकटी बसली आहे, ती अजून डोक्यापर्यंत चढलेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी आणून बघावा.

१. दहिवलीचे घर मी माझ्या कमाईने बांधले आहे, वडिलांचा त्यात एक दगड नाही. पुढच्या दोन खोल्या मुलगा राजेश याला. मागची खोली व पडवी माझा मयत धाकटा भाऊ मोरेश्वर ऊर्फ मोरू याची पत्नी सोनुबाई हिला, पूर्ण मालकीने. ती चौतीस वर्षे तिथे राहते आहे. "काकीचं वय झालं, तिची कुठेतरी सोय लावू" असे राजेशने एकदा म्हटले आहे. पुन्हा म्हटले तर पुढच्या खोल्याही तिच्याच समजाव्यात.

२. राजेश नेरळला लोकांना प्लॉट दाखवतो. त्याला माझी मोटरसायकल, बँकेत असेल ते, आणि माझी माफी. गेल्या दिवाळीत त्याचा उजवा हात मी सब्बलीने मोडला. दवाखान्यात त्याने पायरीवरून पडलो असे सांगितले, हे त्याचे उपकार. झाले असे की माळ्यावरची माझी लोखंडी पेटी त्याने उघडली आणि आतल्या वस्तूचा फोटो कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याला पाठवला. त्या माणसाला ती काउंटरवर मांडायची होती. राजेश मला म्हणाला, "बाबा, एवढा सुंदर पीस पेटीत कशाला सडवताय?" सुंदर हा शब्द ऐकला आणि माझा हात उठला. माफी मनापासून मागतो. मात्र पुन्हा म्हणाला असता तर दुसराही मोडला असता.

३. त्याच पेटीपायी माझी पत्नी इंदूबाई हिलाही मी मारले आहे. तिने ती एकदा झटकायला काढली, मी पाण्याने भरलेली कळशी तिच्यावर फेकली. कानाच्या वर चार टाके पडले. तेवढ्या जागी केस परत आले नाहीत. मरेपर्यंत ती केस त्या बाजूला ओढून विंचरायची. दिसायला ती फार चांगली होती, हे मी तिला कधी सांगितले नाही. आता सांगायला ती नाही, म्हणून इथे लिहिले.

४. घण, दोन सब्बली आणि छिन्न्या मोरूचा मुलगा ओमकार याला. तो रिसॉर्टवाल्यांच्या बागांना दगडी भिंती रचून देतो. माझ्या हयातीत त्या हत्यारांनी काही रचले गेले नाही. त्याच्या हातात ती तरी सुधारतील. एक घण मात्र त्यातून वगळला आहे, त्याचे कलम सहा बघावे.

५. खाणीच्या मालकाला माझ्या मयताला येऊ देऊ नये. आलाच तर त्याला खुर्ची देऊ नये. कारण पुढे आहे.

आता पेटीत काय आहे ते लिहितो.

खालापूरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी आमची खाण होती. आमच्या काळ्या दगडात कधी कधी पोकळी लागते आणि तिच्यात गार असते. गार म्हणजे पांढऱ्या सुयांचे झुपके, काचेसारखे, टोके इतकी बारीक की फुंकर मारायची भीती वाटावी. व्यापारी घेऊन जात. टोक मोडले की भाव गेला, म्हणून त्यांचे सुंदर म्हणजे न मोडलेले. माझे सुंदर वेगळे होते, तेही लाज न धरता लिहितो. भोके बरोबर खोल पडली, दारू बरोबर भरली, वात बरोबर कापली, की सबंध कडा आधी जागच्या जागी हलतो आणि मग आवाज येण्याआधी उभा चिरत खाली बसतो. छातीत ठोका बसतो. त्याच्याइतके सुंदर मी काही पाहिले नव्हते. तीन बोटे त्यातच गेली तरी माझे मत बदलले नाही.

खाणीत नियम माझा होता, मीच घातलेला. पहिली शिट्टी, हत्यारे खाली. दुसरी शिट्टी, आपली माणसे मोजा. तिसरी शिट्टी, पळा. तिसरी वाजल्याशिवाय वात पेटवायची नाही. शिट्टी माझ्या गळ्यात असे.

१९९१ सालच्या मार्च महिन्यात, दुपारी, मोरूच्या सब्बलीखाली पोकळी उघडली. मोठ्या पातेल्याएवढी, आतून सगळी भरलेली. मोरू गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस, दोन पोरांचा बाप. मला म्हणाला, "दादा, बघ रं. हितं आत कुनी बघनारं नव्हतं. तरी किती नीट केलंय."

मी म्हटले, ऊठ, मालकाला आजच कडा पाडून हवा आहे, छिन्नीने निघतील तेवढे तुकडे काढू आणि सुरुंग लावू. तो उठेना. संध्याकाळपर्यंत वेळ दे, अख्खी सोडवून काढतो म्हणाला. मी त्याची गचांडी धरली, दोन मुस्काटात दिल्या. नाकातून रक्त आले तरी तो पोकळीवरून हलला नाही. चारचौघांसमोर म्हणाला, "दादा, तुला नुस्तं फोडता येतं रं. दुसरं काय येतं?"

पोरे हसली. भोके सकाळीच भरून तयार होती. मी गेलो आणि पहिली शिट्टी वाजवली. दुसरी वाजवली. बाकीचे लांब गेले. मोरू माझ्याकडे पाठ करून पोकळीवर वाकून बसलेला. तो तिसरीची वाट पाहत होता. तिसरी झाल्यावर उठणार होता, तेवढा वेळ त्याला पुरत असे. मी बिडीने वात पेटवली आणि डंपरच्या मागे पळालो. शिट्टी तोंडात होती. फुंकली नाही.

त्याला फक्त घाबरवायचे होते, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगितले. मृत्युपत्रात खोटे लिहून फायदा कोणाला? त्या क्षणी मला तो नको होता.

कडा छान पडला. मोरूच्या पाठीत आणि डोक्यात दगड बसले. चेहरा राहिला नाही. सोनुबाईला आम्ही त्याचे पाय तेवढे दाखवले. त्याला उचलला तेव्हा त्याच्या पोटाखाली गार होती. एक सुई मोडलेली नव्हती.

पंचनाम्यात वात सदोष असे लिहिले गेले. मालकाने ते लिहवून घेतले, त्याला खाण बंद पडू द्यायची नव्हती. माणसांनी तीन शिट्ट्या ऐकल्या असे सांगितले. ती खोटारडी नव्हती. रोज तीनच वाजत, म्हणून त्या दिवशीही त्यांना तीनच ऐकू आल्या.

गार मी रात्रपाळीच्या पोरांकडून सोडवून घेतली आणि पेटीत घातली. विकता येईना, बघता येईना.

६. ती गार सोनुबाई हिला. सोबत वगळलेला घण. तिने ती फोडावी, अशी माझी इच्छा आहे. चांगली पीठ होईपर्यंत फोडावी. हे मृत्युपत्र माझ्या मागे वाचले जाईल तेव्हा मी ऐकायला नसेन, ही पळवाट मला नको. म्हणून मी ते उद्या तिला समोर बसवून वाचून दाखवणार आहे.

७. हे कलम चार दिवसांनी जोडले आहे. वाचून दाखवले.

मी थोरला दीर. चौतीस वर्षांत तिने माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही की थेट एक वाक्य बोलली नाही. जेवणाचे ताटसुद्धा उंबऱ्यावर ठेवून जायची. सगळे ऐकून झाल्यावर तिने पदर मागे टाकला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले.

"दोनच वाजल्या व्हत्या," ती म्हणाली. "मी खाली खडी फोडत व्हते. रोज मोजायची मी. तिसरी झाली की आपला मानूस निघाला, असं धरून चालायची. त्या दिसाला मोजत बसले ती बसलेच."

मी विचारले, मग बोलली का नाहीस?

"कुनाला सांगू? दोन पोरं व्हती. ताट तुमच्या घरचं व्हतं."

मी घण तिच्यापुढे सरकवला. तिने तो पायाने परत माझ्याकडे लोटला.

"तुमाला फोडून पायजे, भावजी. फोडली की तुमी सुटलात. त्यानं जीव दिला पन तिला मोडू नाय दिली, आन मी मोडू? नाय. बघा आता. रोज बघा."

तिने गार दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या खाटेसमोरच्या खिडकीत ठेवली. जाताना खुंटीवरची माझी खाणीतली शिट्टी काढून कमरेला खोचली.

तीन दिवस बघतो आहे. सकाळी ऊन येते तेव्हा मधल्या झुपक्याच्या मुळाशी एक तपकिरी डाग दिसतो. व्यापारी म्हणेल, डाग आहे, भाव उतरला. तो डाग कशाचा हे मला माहीत आहे. बाकी सुया जशा होत्या तशा आहेत. सुंदर आहे. हा शब्द मी तिच्यासाठी पहिल्यांदा लिहिला. आणि कुणी बघत नसताना नीट केलेले, असे मोरू ज्याला म्हणाला, तसेच दुसरे माझ्या मागच्या खोलीत राहत होते, पोरे वाढवत होते, उंबऱ्यावर ताट ठेवत होते. मी तेही कधी पाहिले नाही.

तेव्हा कलम सहामधली माझी इच्छा रद्द. गार सोनुबाईचीच, तिने तिचे काय करावे ही तिची मर्जी.

८. माझ्या चितेला अग्नी राजेशने द्यावा. त्याआधी पहिली शिट्टी ओमकारने वाजवावी, दुसरी राजेशने. शिट्टी सोनुबाईकडून मागून घ्यावी आणि दुसरीनंतर तिच्या हातात परत द्यावी. तिसरी तिची. ती वाजवेपर्यंत काडी पेटवू नये. संध्याकाळ झाली, पाऊस आला, लोक कंटाळून घरी गेले, तरी थांबावे. तिला कोणी घाई करू नये, समजूत घालू नये. तिने नाहीच वाजवली तर माझे काय करायचे ते तिला विचारावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: दहिवली, ता. कर्जत
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) हिरामण बाळू ठोंबरे

साक्षीदार:
१. (सही) वाल्मिक धोंडू मिणमिणे, राहणार दहिवली
२. (सही) हर्षला मनोज दळवी, राहणार नेरळ

टीप: सोनुबाई मोरेश्वर ठोंबरे हिला या मृत्युपत्राने मिळकत मिळत असल्याने तिची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले, म्हणून घेतलेली नाही. सह्या होईपर्यंत ती दारात बसून होती. शिट्टी तिच्या हातात होती.