अख्खी वरात

मी, रोजविता माउटे, राहणार ऊर्सेनबाख, गावभट्टीसमोरची गल्ली, निवृत्त विणकर आणि कामगार संघटनेची वक्ता, वय अठ्ठ्याहत्तर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू पाहणारे गिरणीमालक मी चौघे पाहिले, चौघेही थकले. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

कलम एक. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. समासातली माझी भांडणे खोडू नयेत. ज्या लेखकाशी वाचक भांडला नाही, तो वाचलाच गेला नाही असे माझे मत आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक गावभट्टीच्या धुराड्यासाठी. नगरपालिका ती भट्टी पाडून तिथे वाहनतळ करायला निघाली होती, तेव्हा मी दारात पिंप पालथे घालून त्यावर उभी राहिले आणि अंधार पडेपर्यंत बोलले. भट्टी राहिली. ती कोणा एकाची नाही, म्हणून सगळ्यांची आहे. ज्याच्या घरी लाकूड नाही त्यालाही तिथे भाकरी भाजता आली पाहिजे.

कलम तीन. सभेतला कर्णा आमच्या पाद्रीबुवांना. "बायकांनी सभेत बोलायची गरज नाही," असे ते एकदा म्हणाले होते. त्यांचा आवाज आता मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. उपयोगी पडेल.

कलम चार. नाताळच्या श्प्रिंगर्लेचा, म्हणजे बडीशेपेसारख्या अ‍ॅनिसच्या वासाच्या, चित्र उठवलेल्या बिस्किटाचा, माझा अर्धा साचा. इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

आमच्या मुलखात मृताच्या मालमत्तेचे सारखे वाटे होतात. शेताचे पट्टे होत होत शेवटी वखर वळवायला जागा उरत नाही, तरी वाटे सारखेच. आई गेली तेव्हा घरात भांडण्यासारखी एकच वस्तू होती: पेअरच्या लाकडाचा जुना साचा, त्यावर घोडागाडी कोरलेली, गाडीत नवरा-नवरी हात धरून बसलेले.

"साचा माझा," माझी थोरली बहीण इर्मट्राउट म्हणाली. "अंडी-साखर तासभर मी फेटायचे. तू भाषणं ठोकत हिंडायचीस."

"आणि भट्टी कोण पेटवायचं? तुझा नवरा?"

"त्याला नको मध्ये आणूस!"

"त्याला कोण आणतंय! तो आपणहून कधी कुठे आलाय?"

ऑयगेन मामा तोवर करवत घेऊन आला होता. "पोरींनो, वाद कशाला? सारखं म्हणजे सारखं."

आम्ही दोघींनी त्याला अडवले नाही. करवतीच्या पात्याने जेवढे लाकूड खाल्ले, त्यात नेमके त्या दोघांचे धरलेले हात गेले. तेव्हापासून माझ्या घरी नवरा घोड्यासकट एकटाच निघतो आणि गल्लीपलीकडे इर्मट्राउटच्या घरी नवरी चाकांवर एकटी बसते. अर्धे चिकटवून पाहण्यात अर्थ नाही. हातांचा भुसा आम्ही त्याच दिवशी झाडून टाकला.

समान वाटप ही माझी जन्मभराची घोषणा. मजुरी वाटा, जमीन वाटा, सत्ता वाटा! ती मी मागे घेत नाही. पण काही गोष्टी वाटल्या की कोणाच्याच राहत नाहीत. त्या सामायिकच ठेवाव्या लागतात. गावभट्टीच्या दारात मी हेच ओरडून सांगत होते आणि घरात मात्र अर्धे लाकूड जपून ठेवत होते. हा अर्धा साचा इर्मट्राउटला द्यावा.

तसेच, ज्या वर्षी वाळताना वारा लागून माझ्या सगळ्या श्प्रिंगर्लेंचे पाय, म्हणजे भाजल्यावर फुगणारी तळाची कड, एकाच बाजूला फुगले, त्या वर्षी रात्री वाळवणाच्या खोलीची खिडकी बाहेरून कोणी ढकलली हे मला माहीत आहे. माफ केले. विसरले नाही.

कलम पाच. माझे घर इर्मट्राउटची नात सेल्मा हिला. ती सुतार आहे आणि तिच्या पटाशीला धार आहे. घराबरोबर, माझ्या पश्चात, कपाटातला निळा डबाही तिला द्यावा. त्यात एक श्प्रिंगर्ले आहे. आईच्या शेवटच्या नाताळला मी संपकऱ्यांच्या तंबूत होते, म्हणून आईने माझ्यासाठी तो बाजूला ठेवला होता. मी खाल्ला नाही. दर नाताळला झाडावर टांगते, पडदे ओढून, नाहीतर मामा पुन्हा करवत घेऊन यायचा. दगडासारखा झाला आहे, पण त्यावर अख्खी गाडी आहे, दोघे आहेत आणि हात धरलेले आहेत. त्यावरून सेल्माने नवा साचा कोरावा आणि तो गावभट्टीत टांगावा. त्याचे वाटे कोणीही, कधीही करू नयेत.

इथवर सकाळी लिहिले. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. म्हणून मी गल्ली ओलांडून दार ठोठावले.

"साक्षीला ये."

"मरतेयस का?" इर्मट्राउटने विचारले.

"अजून नाही."

"मग घाई कसली? माझं पीठ वाळतंय." पण एप्रन न सोडता आली. अंगाला अ‍ॅनिसचा वास, तोच, आईच्या बाह्यांना असायचा तो.

तिने सगळे वाचले. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने चित्राकडे पाहिले नाही. आधी श्प्रिंगर्ले उलटा केला आणि बोटाने त्याची कड चाचपली.

"पाय सगळीकडून सारखा आलाय," ती म्हणाली. "हे वाळत होते त्या रात्री आईनं मला खिडकीपाशी बसवलं होतं. वारा येऊ नये म्हणून." मग तिने तो सरळ केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"रोजविता, मूर्ख आहेस तू. हे मेल्यावर कशाला? पोरगी घरीच आहे. हाक मार तिला."

म्हणून कलम पाचमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी स्वतःच्या हाताने खोडले आहेत. ही खोडाखोड ग्राह्य धरावी. डबा आज दिला.

ऊर्सेनबाख, ३० नोव्हेंबर २०१९

(सही) रोजविता माउटे

साक्षीदार: गोटहिल्फ रेन्त्स, गावभट्टीची किल्ली सांभाळणारा (सही)

साक्षीदार: इर्मट्राउट शाइबले, बहीण (सही). खिडकीचं सोडून बाकी सगळं खरं आहे.