सहा चाव्यांचा ओरिजनल सेट

५ जानेवारी, रविवार
नवीन डायरी. कंपनीने दिली म्हणून नाही, यंदा शिस्तच लावायची आहे.
खुटबावला जाऊन म्हाळू आबांची गिटार आणली. आबा माझे चुलते. गावच्या गायन पार्टीत चाळीस वर्षं गिटारवर होते. गिटार १९६४ची, अमेरिकन. दौंडचा एक रेल्वे गार्ड देश सोडून जाताना आबांना देऊन गेला. आता एक चावी घसरते, तार आवळली की पुन्हा सैल पडते. काम एवढंच.
आबांच्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टर म्हणाले, रोज वाजवत राहा, बोटं टिकतील; बंद केलं की गेली. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला स्टेजवर एक गाणं वाजवायचं, एवढंच आबांचं म्हणणं. म्हणाले, तवर बोटं ऐकत्याल.
म्हटलं, आबा, आठ दिवसांत आणून देतो. रांजणगावच्या एमआयडीसीत अठरा वर्षं क्वालिटीत काढलीत, एक चावी म्हणजे काय.

६ जानेवारी
राजश्रीचं म्हणणं, दौंडच्या गोकुळकडे द्या. गोकुळ पेट्या, ढोलक्या, बेंजो दुरुस्त करतो. फोन लावला. एकशे वीस रुपयांची चावी आहे, होल थोडं मोठं करावं लागेल, म्हणाला.
१९६४च्या लाकडाला होल! फोन ठेवला. बायकोला शांतपणे समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती.

१२ जानेवारी
रीतसर इन्स्पेक्शन केलं. व्हर्निअर लावून सहाही चाव्या मोजल्या. एकीचं माप दुसरीला जुळत नाही. गंज आहे. प्लास्टिकची बटणं पिवळी पडलीत. सगळ्या रिजेक्ट. लाल टॅग लावले. बदलायचा तर पूर्ण सेट बदलायचा, हे आमच्याकडे ट्रेनी पोरालाही कळतं.

१३ जानेवारी
रिजेक्ट पार्ट चुकून परत लाइनवर जाऊ नये म्हणून तो निकामी करायचा असतो. नियम आहे. सहाही चाव्या कंपनीत नेऊन लंच टाइममध्ये ग्राइंडरवर धरल्या आणि भंगाराच्या पेटीत टाकल्या. सिस्टिम म्हणजे सिस्टिम. बरं वाटलं.

१६ जानेवारी, कँटीन
नेटवर ओरिजनल चाव्या शोधल्या. १९६४चा सहाचा सेट, वापरलेला: अडुसष्ट हजार. कस्टम वेगळं.
फोटो मोठा करून पाहिला. गंज आहे. बटणं पिवळी आहेत. खाली लिहिलंय की गंज आणि पिवळेपणा हाच अस्सलपणाचा पुरावा.
दिसायला साधारण आपल्यासारख्याच वाटतात. साधारणच. फोटोवरून नक्की काही सांगता येत नाही.
जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी
ग्राइंडरचं घरी बोललो नाही. उगाच विषय वाढतो. शिवाय यातून एक गोष्ट सिद्ध झाली, गिटार भारी आहे. आणि भारी गिटारला एकशे वीसची चावी लावणं हा आबांचा अपमान आहे. तो मी होऊ देणार नाही.

२६ जानेवारी
आबांचा फोन. आठ दिवसांचे एकवीस झाले, असं ते म्हणाले नाहीत. गिटार बरी हाय ना, एवढंच विचारलं. म्हटलं, मटेरियल फॉरेनहून येतंय. आबा म्हणाले, बरं बरं.

९ फेब्रुवारी
सुटी चावी सापडली. साडेचौदा हजार. म्हणजे सहा सुट्या घेतल्या तर सत्याऐंशी हजार. सेट अडुसष्टला. सेट घेतला तर सरळ एकोणीस हजार वाचतात. राजश्रीला हे उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, वाचलेले एकोणीस कुठल्या डब्यात ठेवू. काही माणसांना गणिताची दृष्टीच नसते.

२३ फेब्रुवारी
करुणा अकरावीत आहे, पण बोलते सासूसारखी. म्हणाली, पप्पा, माझ्या पैशातनं गोकुळकाकाच्या सहा चाव्या आणते. तिला ओरिजनल या विषयावर अर्धा तास सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, आबा काठीवर बोटं फिरवत बसतात, खुटबावची आजी फोनवर सांगत होती.
काठी ठीक आहे. सराव कशावरही होतो. मुद्दा बोटं हलण्याचा आहे.

९ मार्च
खुटबावला गेलो, रिकाम्या हाताने. आबांना चहा दिला तर कपातला निम्मा बशीत आणि बशीतला धोतरावर. काकीने पदराने पुसला.
आबा म्हणाले, "सम्राट, मला साधी चावी चालंल. तार धरली म्हंजी झालं."
मी सगळं समजावलं. स्क्रू, प्लेटिंग, लाकडाचं वय. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, तू शिकलेला हायस. पटलं त्यांना.
निघताना त्यांचा हात हातात घेतला तर हात थांबेना. नदीच्या पुलापर्यंत गाडी चालवताना मला काही सुचत नव्हतं. मग सुचलं की आरडी मोडता येईल.

२१ मार्च
आरडी मोडली. बेंगळुरूचा एक माणूस तोच सेट एकतीस हजारात देतोय. अर्ध्याहून कमी. त्याला किंमत माहीत नसावी. मी मुद्दामच जास्त चौकशी केली नाही, नाहीतर सावध झाला असता.

२ एप्रिल
पार्सल आलं! गंज आहे. पिवळी बटणं आहेत. व्हर्निअर लावलं. सहाच्या सहा, शंभराव्या मिलिमीटरपर्यंत सारख्या. याला म्हणतात अमेरिकन क्वालिटी.
करुणाने ओल्या फडक्याने एक बटण पुसलं. पिवळेपणा फडक्यावर आला. तिने वास घेतला. चहा, म्हणाली.
जुनं प्लास्टिक रंग सोडतं. त्यात नवल नाही.

३ एप्रिल
बेंगळुरूचा फोन बंद आहे. रेंज नसेल.

६ एप्रिल
चाव्या होलमध्ये जात नाहीत. पाऊण मिलिमीटर जास्त आहेत. लाकडाला हात लावणार नाही म्हणजे नाही.

११ एप्रिल
होलं मोठी केली. सहाही. नाइलाज होता. एका होलाजवळ बारीक चीर गेली, ती फेविकॉलने बुजवली. दिसत नाही.
राजश्री दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, हेच गोकुळ जानेवारीत करत होता. मी ड्रिल चालू ठेवलं, म्हणजे ऐकू आलं नाही असं झालं.

१३ एप्रिल
तारा लावल्या. चाव्यांचा गंज हाताला लागूनच निघून गेला, आता चकचकीत दिसतात. सूर धरतो. एक दिवस आधी! शेड्यूल म्हणजे शेड्यूल. आबांना फोन केला. म्हणाले, या.

१४ एप्रिल
स्टेज समाजमंदिरापुढे. सगळं गाव. पार्टीने आबांना खुर्चीवर मधोमध बसवलं, पांढरा सदरा घालून. मी स्वतः गिटार मांडीवर ठेवली. चाव्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. लई चकाकत्यात, म्हणाले.
ढोलकी सुरू झाली. आबांनी डावा हात वर नेला. बोटं तारांवर टेकली आणि घसरली. परत टेकवली. मधलं बोट खाली जाईना. ढोलकीवाला तेवढाच ठेका घोळवत राहिला. तिसऱ्यांदा तार वाजली, पण सूर तो नव्हता. पुढं बसलेली बारकी पोरं हसली, बायकांनी त्यांना दटावलं.
आबांनी मला खुणेने वाकायला लावलं. हसत होते.
"सम्राट, ही बोटं बी ओरिजनलच हायत बघ," कानाशी म्हणाले. "ह्यांचा सेट मिळतोय का कुठं?"
मग गिटार माझ्या हातात देऊन टाळ्या धरायला लागले. टाळीसुद्धा ठेक्यावर पडत नव्हती. गाणं पार पडलं. छान झालं, असं सगळे म्हणाले.
मी स्टेजमागं जाऊन उभा राहिलो. रडलो. डायरी माझीच आहे, लिहायला हरकत नाही.

२० एप्रिल, दौंड
आबांना डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, मधे तीन महिने हात का थांबवला? आबांनी सांगितलं, माझाच आळस. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होतो.
आबांना बाकावर बसवून गोकुळच्या दुकानात गेलो. काम काही नव्हतं. गोकुळ म्हणाला, बस, आणि पोऱ्याला न बोलावता समोरच्या टपरीला हात करून दोन चहा सांगितले. बसल्या बसल्या मी विचारलं, ती एक चावी बसवायला तुला किती वेळ लागला असता.
गोकुळ पेटीच्या भात्याला ठिगळ लावत होता. वर न बघता म्हणाला, आता चहा सांगितलाय ना, तो येईस्तोवर.
मी घड्याळ लावून बसलो.
सात मिनिटं.